पंधरावा थर

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती चार वर्षांची असताना वडिलांनी वैतागून ठेवलं आणि ते असं चिकटलं की पुढे शाळेत, सासरी, कारखान्यात, जिथे जिथे ती गेली तिथे ते तिच्या आधी जाऊन बसलं. ती स्वतः मात्र कुठेच बसत नसे. शाळेतल्या बाई तिला दर तासाला फळा पुसायला उठवत, कारण नाहीतरी ती उठणारच होती, मग निदान फळा तरी पुसला जाईल. जेवताना ती निम्मं जेवण उभ्यानं करी. कुणाकडे गेली की पाच मिनिटांत त्यांच्या खिडकीचे पडदे सरळ करी आणि दहाव्या मिनिटाला निघायची घाई करी.

तिचा नवरा कुलूपवाला. कोपऱ्यावर त्याचं लहानसं दुकान होतं. पहिल्या भेटीतच तिनं बोलता बोलता त्याच्या दुकानातल्या सगळ्या किल्ल्या लांबीप्रमाणे लावून टाकल्या, आणि त्याला पुढचे तीन दिवस एक किल्ली धड सापडली नाही. तरीही त्यानं तिच्याशी लग्न केलं, म्हणजे माणूस किती शांत असेल बघा. तो म्हणायचा, "घरात एक कुलूप आणि एक भिंगरी असली की संसार चालतो. दोन कुलपं असती तर घर कधी उघडलंच नसतं."

पण हीच बाई कामाच्या टेबलाशी उभी राहिली की दुसरीच कुणीतरी व्हायची. ते पाहायला कारखान्यातली नवी माणसं तिच्या खोलीच्या काचेबाहेर मुद्दाम थांबत. दोन दारांमधल्या खोलीत ती टोपी, कोट, हातमोजे चढवी, आतलं दार ढकली, आणि आत पाऊल पडताच तिची चुळबुळ बाहेरच्या चपलांबरोबर बाहेर राही. बारा-बारा मिनिटं तिचे हात एका कापडाच्या तुकड्यावर असे फिरत की झोपलेल्या तान्ह्या बाळाला पांघरूण घालतेय असं वाटावं.

तिथे विमानाच्या इंजिनाचे भाग तयार होत. धातूचे नव्हेत. इंजिनाच्या पोटात अशी एक जागा असते की तिथे चांगला चांगला धातूही मऊ पडतो. तिथे टिकेल अशी ती चिनीमाती म्हणा हवं तर. पण कपबशीसारखी पडली की फुटणारी नव्हे, कारण हिच्या पोटात धागे असतात. केसाहून बारीक काळा धागा, त्याचं विणलेलं कापड, ते राळेत भिजवलेलं. त्या कापडाचे बावीस तुकडे, प्रत्येकावर आकडा, एकावर एक साच्यात बसवायचे. मग साचा बंद. मग भट्टी. भट्टीत राळ जळून तिचा कोळसा होतो, आणि दुसऱ्या भट्टीत वितळलेलं सिलिकॉन त्यात मुरतं, स्पंजात पाणी मुरतं तसं. सहा दिवसांनी बाहेर येते ती तळहाताएवढी वाकडी पट्टी, दगडाहून कठीण आणि हातात घेतली तर आश्चर्य वाटावं इतकी हलकी. इंजिनात गरागरा फिरणाऱ्या पात्यांभोवती अशा पट्ट्यांचं कडं असतं. कागदोपत्री तिला लांबलचक नाव होतं; कारखान्यात सगळे तिला कौल म्हणत, कारण दिसायची तशीच.

आता या कामात एक खोच होती. राळेत भिजलेलं कापड चिकट. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर प्लास्टिकचा एक पापुद्रा असे, आरपार दिसणारा, कांद्याच्या सालीहून पातळ. तुकडा बसवायचा, दाबायचा, पापुद्रा सोलून काढायचा, मग पुढचा तुकडा. बावीस थर, बावीस पापुद्रे. एक जरी आत राहिला तर ते दोन थर एकमेकांना कधी भेटतच नाहीत. भट्टीत प्लास्टिक जळून जातं आणि मध्ये नुसती फट राहते. आणि मग एखाद्या दिवशी, हजारो मैलांवर, आकाशात, तिथूनच कौल उकलायला लागतं.

हे भिंगरीला कुणी शिकवायची गरज नव्हती. वीस वर्षं ती हेच करत होती, आणि वीस वर्षांत तिच्या हातचं एक कौल परत आलं नव्हतं. याचा तिला अभिमान होता म्हणणं म्हणजे फारच सौम्य झालं. ती त्यावर जगत होती.

या अभिमानाची एक किंमत होती, आणि ती तिच्या धाकट्या जावेनं मोजली होती.

जावेला कारखान्यात आणली भिंगरीनंच. शेजारच्या टेबलाशी उभी करून हाताला धरून शिकवलं. दोघी एकाच इमारतीत, भिंगरी पहिल्या मजल्यावर, जाऊ दुसऱ्या. कामावर जाताना बरोबर, येताना बरोबर. जाऊ हळू काम करी, हळू बोले, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "ताई" अशी करी. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी जावेनं बावीस थर बसवले आणि साचा बंद करायला हात लावला, तेवढ्यात शेजारून भिंगरीला कडेला काहीतरी चकाकलं. एका थराखाली पापुद्र्याचं टोक. ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की काचेबाहेरची माणसं थांबली. "अगं, हाताला डोळे आहेत की नाहीत तुझ्या? माणसं बसतात त्या विमानात, माणसं!"

खरंच होतं ते. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण त्या वेळी खोलीत अकरा जणी होत्या, आणि जाऊ सगळ्यांसमोर हातमोजे घातलेले हात वर धरून उभी राहिली, लहान मुलाला शिक्षा करतात तशी. चुकांच्या नोंदवहीत 'चूक कोणी पकडली' असा एक रकाना होता. त्यात भिंगरीचं नाव लिहिलं गेलं. आठ दिवसांनी जावेला टेबलावरून काढून कापणीच्या खोलीत पाठवलं, जिथे बाद झालेली कौलं चिरून आत काय बिघडलं ते बघतात. ती गेली ती गेलीच. एकाच जिन्यावरून जायचं, पण वेळा बदलल्या. भाऊ भाऊ बोलत राहिले, पोरं खेळत राहिली, पण 'ताई' हा शब्द भिंगरीच्या कानावर पुन्हा पडला नाही.

भिंगरीला वाईट वाटलं का? वाटलं, पण तिनं ते कामात घातलं. महिन्याभरात तिनं एक युक्ती काढली. प्रत्येक टेबलाशेजारी एक पांढरा फळा, त्यावर बावीस चौकोन, प्रत्येकात आकडा. पापुद्रा सोलला की कचऱ्यात टाकायचा नाही, त्या त्या चौकोनात चिकटवायचा. शेवटी फळा भरला तरच साचा बंद. दुसऱ्या दिवशी ते सगळे पापुद्रे पाकिटात घालून जपायचे, कौल तपासणीतून सुटेपर्यंत. साधी गोष्ट होती, पण नऊ वर्षांत एक पापुद्रा आत गेला नाही. सगळे त्याला भिंगरीचा फळा म्हणू लागले. मॅडम, म्हणजे त्या विभागाच्या प्रमुख, कौतुक करण्यात फार हात आखडणाऱ्या; पण त्याही पाहुणे आले की आधी फळ्यापाशी आणत.

त्या दिवशीही आणले. कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यातले चार पाहुणे होते. तिथे नवं दालन उघडणार होतं आणि तिथल्या मुलींना शिकवायला भिंगरीनं जावं असं जवळजवळ ठरलं होतं. पाहुणे टोप्या घालून टेबलाभोवती उभे राहिले. भिंगरी चौदाव्या थरावर होती.

"बोला ना, तुम्हीच सांगा," मॅडम म्हणाल्या.

आणि भिंगरी बोलली. काम करताना ती कधी बोलत नसे; पण त्या दिवशी बोलली, आणि काय बोलली! फळा कसा सुचला, पापुद्रा कोणत्या कोपऱ्यापासून सोलायचा, चुकायचं म्हटलं तरी चुकता कसं येत नाही. एक पाहुणा वहीत लिहून घेत होता, ते पाहून तिला आणखी स्फुरण चढलं. मध्ये एकदा पाहुणे हसले, म्हणून तीही हसली. फळा भरला. मॅडमनी सही केली. साचा बंद झाला आणि संध्याकाळी इतर सात साच्यांबरोबर भट्टीत गेला. भिंगरी घरी जाताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पापुद्रे पाकिटात भरायला बसली, म्हणजे उभी राहिली. एक, दोन, तीन. पापुद्रा सोलला की चुरगळतो, गुंडाळतो, त्यामुळे सगळे सारखेच दिसतात. पण चौदावा हाताला हलका लागला. तिनं तो टेबलावर पसरून सपाट केला. अर्धाच होता. पंधरावा पसरला. तोही अर्धा. तिनं दोन्ही जवळ सरकवले, आणि फाटलेल्या कडा एकमेकींत दात बसावेत तशा बसल्या.

क्षणभर तिला काही समजलंच नाही. मग सगळं एकदम समजलं.

बोलता बोलता तिनं चौदाव्या थराचा पापुद्रा सोलला होता, तो मध्येच फाटला. हातातला अर्धा तिनं चौदाच्या चौकोनात लावला. पाहुणे हसले, ती हसली. मग कापडावर राहिलेला अर्धा सोलला आणि सवयीनं पुढच्या रिकाम्या चौकोनात लावला, पंधराच्या. मग पंधरावा तुकडा बसवला, दाबला, फळ्याकडे पाहिलं. पंधरा भरलेला. म्हणजे सोलून झाला. उचल सोळावा.

वीस वर्षं तिनं हाताला विचारलं होतं. त्या एका वेळी फळ्याला विचारलं, आणि तोही तिचाच फळा.

तिनं दोन्ही तुकडे पाकिटात घातले. पाकीट चिकटवलं. वर आकडा लिहिला. आणि ते आपल्यापाशीच ठेवलं.

सांगायला हवं होतं, तिथल्या तिथे. ते तिलाही ठाऊक होतं. पण मनाला एकदा सबब सापडली की ते तिला सोडत नाही. भट्टी तर चालू झालीय, आता थांबवता थोडीच येणार? आणि सहा दिवसांनी तपासणी आहेच की. तिथे ध्वनिलहरी सोडून आरपार बघतात, फट असेल तर पडद्यावर लाल डाग दिसतो. तो दिसला की कौल बाद. मग कुणी तिला विचारो न विचारो, विमानाला तर काही होणार नाही. चूक पकडली जाईल आणि तिला तोंडही उघडावं लागणार नाही. हा हिशेब तिनं इतक्या वेळा केला की तो तिला पाठ झाला.

ते सहा दिवस तिनं कसे काढले ते तिच्या घरच्यांना विचारा. पहिल्या दिवशी तिनं सगळी कपाटं रिकामी करून पुन्हा भरली. दुसऱ्या दिवशी गाद्यांची शिवण उसवून पुन्हा घातली. तिसऱ्या दिवशी नवऱ्याच्या दुकानात जाऊन किल्ल्यांना हात घातला, तेव्हा मात्र त्यानं तिचं मनगट धरलं.

"अगं, काय बिनसलंय?"

"कुठे काय?"

"पंचवीस वर्षं बघतोय तुला. तू नेहमी फिरतेस ती पुढे काहीतरी करायचं असतं म्हणून. आता तू कशापासून तरी पळतेयस."

"काहीतरीच तुमचं," ती म्हणाली आणि उगाच दाराला तेल घालू लागली.

वरून विमान गेलं की पूर्वी तिला पत्ता लागत नसे. आता तिला प्रत्येक विमान ऐकू येई. ती रस्त्यात थांबून मान वर करी. त्यात कोण बसलंय, कुणाच्या मांडीवर पोर आहे का, कुणी खिडकीला नाक लावून बसलंय का, असले भलते विचार येत. ती स्वतः जन्मात विमानात बसली नव्हती. कुणी विचारलं तर म्हणायची, "आतून पाहिलंय ना मी, पुरे झालं." आता कुणी विचारलं की ती विषय बदली.

चौथ्या दिवशी ती भट्टीवाल्याकडे गेली. भट्टीवाला म्हणजे भुवया कायमच्या जळालेला, बोलका माणूस. भट्टीला तो 'आमची म्हातारी' म्हणे आणि तिच्या प्रकृतीबद्दल कुणालाही न विचारता सांगे.

"काय भिंगरीबाई, आज इकडे? म्हातारी ठणठणीत आहे. आजच सिलिकॉन पाजलंय तिला."

"एक विचारू का भाऊ? समजा आत कुठे बारीकशी फट असली, तर सिलिकॉन काय करतं?"

"भरून टाकतं!" भट्टीवाला खुशीत म्हणाला. "तेच तर त्याचं काम. जिथे जागा दिसेल तिथे घुसतं आणि गार झालं की दगड. हां, नुसतं सिलिकॉन म्हणजे काही खरं नाही. धागा नाही ना त्यात. इंजिन तापलं की तेच आधी वितळणार. पण फट म्हणाल तर फट राहत नाही."

"मग तपासणीत दिसत असेल?"

"फटच नाही, तर दिसणार काय? पातळ असेल तर तपासणीच्या बापाला दिसायचं नाही. का हो?"

"सहज."

ती तिथून निघाली ती कारखान्याच्या आवाराला तीन फेऱ्या मारून आली. पाठ केलेला हिशेब चुकला होता. तरीही ती गप्प राहिली. का, ते मला विचारू नका. माणूस बुडताना काडीचाही आधार घेतो, आणि तिची काडी अजून तीन दिवस लांब होती.

सातव्या दिवशी दुपारी तपासणी झाली. आठ कौलं ओळीनं मांडलेली. तपासनीस तरुण मुलगी, पडद्याकडे बघत एकेकावर चिठ्ठी लावत होती. भिंगरी काहीतरी निमित्त काढून तिच्या मागे उभी राहिली. तिचं कौल पाचवं. पडद्यावर ते सरकत गेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हिरवं, हिरवं, सगळीकडे हिरवं. मुलीनं हिरवी चिठ्ठी लावली आणि मागे वळून हसली.

"तुमचं बघायचीसुद्धा गरज नसते खरं म्हणजे," ती म्हणाली.

तोंडात मारल्यासारखी भिंगरी तिथून बाहेर पडली. सुटली होती ती. जगात कुणाला कधी कळणार नव्हतं. पाकीट आता फेकून द्यायचं, कौल खोक्यात जाणार, खोकं उद्या सकाळी गाडीत, आणि पुढच्या महिन्यात ती नव्या दालनात मुलींना शिकवायला. पाय मात्र मॅडमच्या खोलीकडेही जाईनात आणि घराकडेही जाईनात. ते तिला घेऊन गेले आवाराच्या टोकाला, कापणीच्या खोलीत. नऊ वर्षांत तिनं त्या खोलीचं दार उघडलं नव्हतं.

आत पाण्याची धार पडत होती आणि हिऱ्याच्या भुकटीची चकती अगदी सावकाश फिरत होती. एक कौल चिरायला दोन तास लागतात, घाई केली की तडा जातो. जाऊ स्टुलावर बसली होती. केस कानाशी पांढरे झालेले भिंगरीनं पहिल्यांदाच पाहिले. रोज त्याच जिन्यावरून जाणारी बाई, आणि पहिल्यांदाच.

भिंगरीनं पाकीट फोडलं आणि दोन्ही तुकडे टेबलावर ठेवून एकमेकांना लावले.

जावेनं चकती बंद केली. वाकून पाहिलं. तिला एक शब्द सांगावा लागला नाही.

"कुठला थर?"

"पंधरावा."

"तपासणीत?"

"हिरवी चिठ्ठी लागली. आत्ताच."

"लागणारच. अशी जागा फक्त इथे दिसते, चिरल्यावर. केसाएवढी रुपेरी रेघ असते. दोनदा पाहिलीय मी, फळा यायच्या आधीच्या कौलांत."

भिंगरी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरू लागली. तिथल्या बाटल्या सरळ केल्या, पुन्हा वाकड्या केल्या. "मी काय करू? सहा दिवस झाले गं. आधी सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी. आता सांगितलं तर विचारतील, सहा दिवस तोंडात काय धरलं होतं? मी तुला किती बोलले होते तेव्हा. तू सांग त्यांना. जा, तूच सांग. तुझा हक्क आहे तो. मला सगळ्यांसमोर बोल, मी ऐकून घेईन."

जाऊ बराच वेळ हात पुसत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही बोललात ते बरोबरच होतं. मी नऊ वर्षांत एकदाही म्हटलं नाही की ते चूक होतं. पण तुम्हाला टोक दिसलं ना, तेव्हा हळूच माझ्या कानात सांगितलं असतंत, तर मी स्वतः जाऊन मॅडमना सांगितलं असतं. मी तसलीच आहे. तुम्हाला माहीत होतं. वहीत त्या रकान्यात माझं नाव आलं असतं. चूकही माझी आणि पकडलीही मी, असं. तेवढं तरी राहिलं असतं माझ्यापाशी. ते तुम्ही घेतलंत."

इतकी वर्षं तिला वाटत होतं की जाऊ अपमानावर रुसली आहे, आणि अपमान तर खऱ्या गोष्टीचाच होता, मग रुसायचं कशाला? हे दुसरं तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं जावेकडे पाहायचं टाळलं आणि गळणाऱ्या नळाकडे पाहिलं.

"मी कुणाला सांगणार नाही," जाऊ म्हणाली. तिनं दोन्ही तुकडे उचलून पुन्हा पाकिटात घातले आणि पाकीट तिच्या हातात दिलं. "मी काही पाहिलं नाही. गाडी उद्या सकाळी निघते. जा."

आणि तिनं पाठ फिरवून चकती सुरू केली.

मॅडमची खोली आवाराच्या दुसऱ्या टोकाला होती. त्या दोनशे पावलांत भिंगरीचे पाय जन्मात पहिल्यांदा जड झाले. ती आत गेली तेव्हा तिथे तपासनीस मुलगी होती, भट्टीवाला होता, टेबलावरच्या दोघी जणी होत्या. 'जरा एकटीशी बोलायचंय' असं म्हणता आलं असतं. तिनं ते म्हटलं नाही. तिनं पाकीट ठेवलं, तुकडे जुळवले आणि सगळं सांगितलं. पाहुणे, हसणं, चौकोन, सहा दिवस, काही न वगळता. सहा दिवस का गप्प बसलात, असं मॅडमनी विचारलं तेव्हा म्हणाली, "भित्री आहे म्हणून."

मॅडमनी दोन्ही तुकडे उजेडात धरून पाहिले. मग त्यांनी खोकं उघडायला सांगितलं. शंका घ्यायला जागा होती. कदाचित तसं झालंही नसेल, कदाचित तिचा गैरसमज असेल. खात्रीचा उपाय एकच होता, चिरून बघणं. एक निर्दोष ठरलेलं कौल, सहा दिवसांची भट्टी, तिच्या शब्दावर चिरायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापणीच्या खोलीत गर्दी झाली. पाण्याची धार सुटली, चकती टेकली. दोन तास. दोन तास उभं राहायचं आणि काहीही करायचं नाही, ही भिंगरीला आयुष्यातली सगळ्यात मोठी शिक्षा होती. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर, खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. एकदा तर तिच्या मनात आलं की रेघ नसली तर? हकनाक एक चांगलं कौल मारलं म्हणून हसतील. आणि लगेच मनात आलं, नसू दे. हसू देत. रेघ नसू दे.

जावेनं कौलाचे दोन अर्धे वेगळे केले, कड घासली, पुसली, भिंगाखाली धरली. मग ती बाजूला झाली. मॅडमनी पाहिलं. तपासनीस मुलीनं पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. शेवटी भिंगरीनं पाहिलं. काळ्या थरांमागून काळे थर, आणि मध्ये एक सरळ, सुरेख, चकचकीत रेघ. तिनं खालून मोजलं. पंधरा. तिनं अंगठा फिरवून पाहिला, हाताला काहीसुद्धा लागलं नाही.

मॅडमनी नोंदवही उघडली. तारीख लिहिली, कौलाचा आकडा लिहिला, थर लिहिला. जबाबदार कोण, तिथे भिंगरीचं नाव लिहिलं. टेबलावरून सहा महिने दूर, कापणीच्या खोलीत काम. नव्या दालनाचं नंतर बघू, असंही बोलून दाखवलं. भिंगरीनं मान हलवली. मग पेन पुढच्या रकान्यावर थांबलं.

"चूक कोणी पकडली? कापणी म्हणून लिहू?"

"नाही," जाऊ म्हणाली. ती कधी मोठ्यानं बोलत नसे, पण हे दारापाशी उभ्या असलेल्या शेवटच्या बाईला ऐकू गेलं. "कापणीनं नाही पकडली. ताईंनी पकडली. स्वतःची, स्वतः. त्यांचं नाव लिहा."

मॅडमनी लिहिलं. शाई वाळेपर्यंत कुणी हललं नाही. मग सगळे आपापल्या कामाला गेले, जावेनं नवं कौल चकतीला लावलं, आणि कोपऱ्यातलं दुसरं स्टूल पायानं पुढे सरकवलं. भिंगरी त्यावर बसली, आणि जेवणाची घंटा होईपर्यंत एकदाही उठली नाही.